प्रतिध्वनी: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रतिध्वनी म्हणजे नेमके काय?

एखादा आवाज भिंत, कडा किंवा इमारत अशा मोठ्या पृष्ठभागावर आदळून परत येतो आणि मूळ आवाजापासून वेगळा, पुन्हा एकदा ऐकू येतो, तेव्हा त्या दुसऱ्या आवाजाला प्रतिध्वनी म्हणतात. या व्याख्येत ‘वेगळा’ या शब्दावर सर्व काही अवलंबून आहे. ध्वनीचे परावर्तन प्रत्येक खोलीत सतत चालू असते, परंतु परत आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून गेला तर आपल्या कानांना तो एकच वाटतो. म्हणून प्रतिध्वनीसाठी परावर्तन करणारा अडथळा जसा लागतो, तसाच पुरेसा विलंबही लागतो. वैद्यक, दूरसंचार, संगणक किंवा बातमीची भाषा अशा कोणत्याही क्षेत्रात हा शब्द गेला, तरी काहीतरी पाठवले आणि ते काही वेळाने परत आले, ही मूळ कल्पना त्याने सहसा सोडलेली नाही.

अडथळा किमान १७ मीटर दूर असावा, असे का सांगतात?

हा आकडा साध्या हिशोबातून येतो. २२ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४४ मीटर प्रतिसेकंद असतो. ऐकलेल्या ध्वनीची जाणीव मेंदूत साधारण ०.१ सेकंद टिकते असे मानले, तर तेवढ्या वेळात ध्वनी ३४.४ मीटर अंतर कापतो. हे अंतर जाऊन-येऊन मोजलेले असल्यामुळे अडथळा त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १७.२ मीटरवर असावा लागतो.

मात्र ०.१ सेकंद ही काटेकोर सीमा नाही आणि पाठ्यपुस्तकांनी हे अधिक स्पष्टपणे सांगायला हवे, असे वाटते. टाळीसारखा तुटक आवाज याहून कमी विलंबानेही वेगळा ओळखता येतो, तर संथ संगीतात बराच उशिरा आलेला आवाजही मूळ सुरात सामावून जातो. बोलण्याच्या बाबतीत जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये केलेल्या अभ्यासाचा आधार आजही घेतला जातो. मूळ शब्दानंतर काही मिलिसेकंदांपासून सुमारे ३० ते ५० मिलिसेकंदांपर्यंत पोहोचलेले परावर्तन आपल्याला स्वतंत्र आवाज म्हणून जाणवत नाही. उलट त्यामुळे बोलणे अधिक भरीव वाटते. त्याहून उशिरा आलेले ठळक परावर्तन मात्र खटकू लागते.

प्रतिध्वनी, निनाद आणि अनुनाद यांत फरक काय?

हे तीन शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रतिध्वनीत मूळ आवाजाची स्वतंत्र पुनरावृत्ती ऐकू येते. निनादात असंख्य परावर्तने इतक्या दाटीने येतात की, त्यांतील एकही वेगळे काढता येत नाही. आवाज लांबत जातो आणि हळूहळू विरतो. रिकाम्या, बिनसामानाच्या खोलीत बोलल्यावर आपण ‘आवाज घुमतो’ म्हणतो, तो बहुधा निनाद असतो. अनुनादाचा परावर्तनाच्या विलंबाशी थेट संबंध नाही: एखाद्या वस्तूच्या स्वाभाविक कंपनसंख्येशी जुळणारा ध्वनी तिच्यावर पडला की, ती वस्तू मोठ्या आयामाने कंप पावू लागते, त्या घटनेला अनुनाद म्हणतात. तंबोऱ्याची एक तार छेडल्यावर तिच्याशी सुरात लावलेली दुसरी तार आपोआप कंप पावते, हा अनुनाद होय.

घुमटाखाली आवाज पुन्हा पुन्हा का ऐकू येतो?

वक्र पृष्ठभाग ध्वनीला विखरू न देता एकत्र आणतो, हे पहिले कारण. दुसरे कारण अंतराचे आहे. विजापूरच्या गोल घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. सज्जात उभे राहून टाळी वाजवली, तर तिचा आवाज समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे ०.२२ सेकंद लागतात, म्हणजे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळा ऐकू येण्यासाठी लागणाऱ्या विलंबाच्या दुपटीहून अधिक. दगडी व गिलाव्याचा कठीण पृष्ठभाग ध्वनी फारसा शोषत नसल्यामुळे तोच आवाज पुन्हा समोर जातो, पुन्हा येतो आणि प्रत्येक फेरीत क्षीण होत जातो.

याच सज्जात भिंतीजवळ कुजबुजलेला शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतो, तो प्रकार मात्र निराळा आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील अशाच सज्जाचा अभ्यास करून ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दाखवून दिले की, तेथे ध्वनी अंतर्वक्र भिंतीला बिलगून कडेकडेने प्रवास करतो. त्यामुळे तो संपूर्ण पोकळीत पसरून विरळ होत नाही. एकाच वास्तूत या दोन वेगळ्या घटना घडत असताना दोन्हींना सरसकट प्रतिध्वनी म्हणणे अचूक ठरत नाही.

सभागृहात वक्त्याचे बोलणे समजत नसेल, तर दोष प्रतिध्वनीचा असतो का?

कधी कधी असतो, परंतु बहुतेक वेळा तो निनादाचा असतो. या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात आवाज इतका लांबत असे की, पुढचे शब्द मागच्या शब्दांत बुडून जात. १८९५ मध्ये हे काम सबाइन यांच्याकडे आले, तेव्हा तेथे आवाज विरण्यास सुमारे साडेपाच सेकंद लागत होते. त्यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या आणवून त्या कमी-अधिक संख्येने मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरण्यास किती काळ लागतो, ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: निनादकाल, म्हणजे आवाज विरण्यास लागणारा काळ, हा खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तिच्यातील एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० मध्ये उघडलेले बॉस्टन सिंफनी हॉल हे या ज्ञानाच्या आधारे आखलेले पहिले मोठे संगीतगृह मानले जाते.

सूत्राचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रशस्त, उंच छताच्या आणि कठीण भिंतींच्या जागेत शोषण वाढवावे लागते. जाड पडदे, गालिचे, गादीच्या खुर्च्या आणि स्वतः श्रोते हे सर्व ध्वनी शोषतात. म्हणूनच रिकाम्या सभागृहात केलेली ध्वनिचाचणी प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळी चुकीची ठरू शकते. मागची भिंत फार दूर आणि गुळगुळीत असेल, तर रंगमंचावर खरा प्रतिध्वनी परत येतो. अशा ठिकाणी त्या एका भिंतीवर शोषक थर बसवणे किंवा तिचा पृष्ठभाग उंचसखल करणे पुरेसे होते.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो मानू नये. ते वजनाने हलके असल्यामुळे बोलण्यातील खालच्या पट्टीच्या ध्वनीवर त्यांचा परिणाम नगण्य असतो, शेजारच्या खोलीत जाणारा आवाज ते थांबवू शकत नाहीत आणि पुठ्ठा पेट घेत असल्यामुळे धोका मात्र वाढतो.

वीज पडल्यानंतरचा लांबलचक गडगडाट हा प्रतिध्वनीच असतो का?

त्यात प्रतिध्वनीचा वाटा असू शकतो, विशेषतः डोंगराळ भागात. परंतु मुख्य कारण वेगळे आहे. विजेचा मार्ग कित्येक किलोमीटर लांब आणि नागमोडी असतो. त्याच्या प्रत्येक भागातून आवाज जवळजवळ एकाच क्षणी निघतो, पण वेगवेगळ्या अंतरांवरून आपल्यापर्यंत येताना तो मागेपुढे पोहोचतो. म्हणून एकच कडकडाट लांबल्यासारखा ऐकू येतो.

बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही, हे खरे आहे का?

नाही. ब्रिटनमधील सॅल्फर्ड विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी २००३ मध्ये प्रत्यक्ष चाचणी घेऊन हा समज खोडून काढला.

फोनवर किंवा ऑनलाइन बैठकीत स्वतःचाच आवाज परत का ऐकू येतो?

येथे बहुतेकांची समजूत उलटी असते. तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत असेल, तर दोष सहसा तुमच्या उपकरणात नसून समोरच्या व्यक्तीच्या बाजूला असतो. तुमचा आवाज तिच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच तिचा मायक्रोफोन टिपतो आणि तुमच्याकडे परत पाठवतो. त्यामुळे तुम्ही स्वतःच्या सेटिंगमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. समोरच्या व्यक्तीस स्पीकरचा आवाज कमी करण्यास, हेडफोन लावण्यास किंवा बोलत नसताना माइक बंद ठेवण्यास सांगावे. एकाच खोलीतील दोन जण आपापल्या लॅपटॉपवरून एकाच बैठकीत सामील झाले, तर हा आवाज फेऱ्या मारत वाढत जातो आणि कर्कश शीळ ऐकू येते. अशा वेळी एकाच उपकरणाचा माइक आणि स्पीकर चालू ठेवावा.

हा प्रश्न जुना आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्यामार्फत फोन जोडला की, आवाज समोरच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास अर्धा सेकंद लागतो आणि एवढ्या विलंबाने आलेला स्वतःचा आवाज माणसाला बोलताना अडखळायला लावतो. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत परत येणाऱ्या आवाजाचा अंदाज घेऊन तो वजा करणारे तंत्र विकसित झाले. आजच्या प्रत्येक मोबाइलमध्ये त्याची सुधारित रूपे काम करत असतात.

डॉक्टर ‘टू-डी इको’ करायला सांगतात, तो हाच इको का?

होय. ही हृदयाची सोनोग्राफी आहे. छातीवर ठेवलेले उपकरण माणसाला ऐकू न येणाऱ्या, काही दशलक्ष हर्ट्झ वारंवारितेच्या श्राव्यातीत ध्वनिलहरी आत पाठवते. स्नायू, झडपा आणि रक्त यांच्या सीमांवरून त्या परत येतात. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सुमारे १,५४० मीटर प्रतिसेकंद धरून, परत येण्यास लागलेल्या वेळेवरून संगणक प्रत्येक सीमेची खोली काढतो आणि धडधडणाऱ्या हृदयाचे चित्र पडद्यावर रेखाटतो. स्वीडनमधील लुंड येथे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये अशा प्रतिध्वनींची पहिली नोंद घेतली. त्वचेवर लावलेला थंड जेल उपकरण आणि त्वचा यांच्यामधील हवा काढून टाकण्यासाठी असतो. हवेचा पातळ थर राहिला, तरी जवळजवळ सर्व ध्वनी तेथूनच परततो.

या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि नेहमीच्या, छातीवरून केल्या जाणाऱ्या इकोसाठी उपाशी राहावे लागत नाही. अन्ननलिकेतून नळी घालून केल्या जाणाऱ्या इकोसाठी मात्र काही तास उपाशी राहावे लागते. इसीजी हृदयातील विद्युत हालचाल दाखवते, तर इको हृदयाची रचना, झडपांचे काम आणि रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता दाखवतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील अडथळा साध्या इकोत थेट दिसत नाही. म्हणून इको व्यवस्थित आला, तेवढ्यावरून ‘ब्लॉकेज नाही’ असा निष्कर्ष रुग्णाने स्वतःच काढणे धोक्याचे आहे.

सोनोग्राफीच्या अहवालातील ‘हायपरइकोइक’ किंवा ‘अ‍ॅनइकोइक’ म्हणजे काय?

हे आजारांचे नाव नसून चित्राचे वर्णन आहे. भोवतालच्या भागापेक्षा अधिक प्रतिध्वनी परत पाठवणारा भाग पडद्यावर उजळ दिसतो, त्याला हायपरइकोइक म्हणतात. कमी परत पाठवणारा भाग गडद दिसतो आणि हायपोइकोइक ठरतो. ज्या भागातून काहीच परत येत नाही, तो अ‍ॅनइकोइक. मूत्राशयातील मूत्रासारखा स्वच्छ द्रव असा काळा दिसतो. यांपैकी एखाद्या शब्दामुळे घाबरून जाण्याचे किंवा निर्धास्त होण्याचे कारण नाही. अर्थ जागेवर आणि लक्षणांवर ठरतो आणि तो तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

वटवाघळे प्रतिध्वनीवरून वाट कशी काढतात?

इटालियन निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालांझानी यांना १७९० च्या दशकात असे आढळले की, दृष्टी गेलेली वटवाघळे अडथळे चुकवत उडू शकतात, पण त्यांचे कान बंद केले की ती धडकू लागतात. माणसाला त्या प्राण्यांचा आवाजच ऐकू येत नसल्यामुळे हे कोडे दीर्घकाळ सुटले नाही. १९३८ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्या उपकरणाने वटवाघळांचे श्राव्यातीत ध्वनी टिपले. पुढे ही क्षमता ओळखण्यासाठी आज रूढ असलेली ‘इकोलोकेशन’ ही संज्ञाही ग्रिफिन यांनीच घडवली. वटवाघूळ छोट्या किंकाळ्यांची मालिका सोडते आणि प्रत्येकीच्या प्रतिध्वनीतील विलंब, तीव्रता व स्वरातील बदल यांवरून भक्ष्याचे अंतर, आकार आणि गती ओळखते. भक्ष्य जवळ येताच किंकाळ्यांची संख्या झपाट्याने वाढते.

वटवाघळे आंधळी असतात, ही समजूत चुकीची आहे. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपैकी बहुतेक तर दृष्टी आणि गंध यांवरच अवलंबून असतात. डॉल्फिन आणि दात असलेले इतर देवमासे पाण्यात प्रतिध्वनीचा असाच वापर करतात. काही अंध व्यक्तीही जिभेने टकटक असा आवाज काढून समोरची भिंत, दार किंवा उभे वाहन ओळखायला शिकतात. ही जन्मजात मिळणारी अद्भुत शक्ती नसून सरावाने येणारे कौशल्य आहे, आणि अंध विद्यार्थ्यांच्या शिक्षणात त्याला आजच्यापेक्षा अधिक स्थान मिळायला हवे.

समुद्राची खोली प्रतिध्वनीने कशी मोजतात?

जहाजाच्या तळातून ध्वनीचा स्पंद खाली सोडतात आणि तो तळावरून परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १,५०० मीटर प्रतिसेकंद असतो. स्पंद ४ सेकंदांनी परतला, तर त्याने ६,००० मीटर प्रवास केला, म्हणजे खोली ३,००० मीटर. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर हिमनग ओळखण्याच्या प्रयत्नांतून या तंत्राला वेग आला. पूर्वी दोर आणि वजन सोडून खोल समुद्रातील एकेक मोजणी करण्यास तास लागत असत. जर्मनीच्या ‘मेटिओर’ जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये प्रतिध्वनीने हजारो मोजण्या केल्या आणि समुद्राचा तळ सपाट नसून डोंगररांगांनी भरलेला आहे, हे ठळकपणे समोर आले.

अवकाशात प्रतिध्वनी येतो का?

ध्वनीचा येत नाही, कारण त्याला माध्यम लागते. रेडिओलहरींचा आणि प्रकाशाचा मात्र येतो. जानेवारी १९४६ मध्ये अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी चंद्राकडे रेडिओ स्पंद पाठवले आणि त्यांचा प्रतिध्वनी सुमारे अडीच सेकंदांनी परत मिळवला. १९६० मध्ये सोडलेला ‘एको १’ हा उपग्रह म्हणजे सुमारे ३० मीटर व्यासाचा, धातूचा मुलामा दिलेला फुगा होता. पृथ्वीवरून आलेले रेडिओ संदेश केवळ परावर्तित करणे एवढेच त्याचे काम होते. २००२ मध्ये व्ही८३८ मोनोसेरोटिस या ताऱ्याचा अकस्मात भडका उडाल्यानंतर त्याचा प्रकाश भोवतालच्या धुळीवरून उशिरा परावर्तित होत राहिला. खगोलशास्त्रज्ञ याला प्रकाशाचा प्रतिध्वनी म्हणतात.

संगणकातील ‘इको’ आज्ञेचा आवाजाशी काय संबंध?

आवाजाशी नाही, परत येण्याशी आहे. पूर्वी दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर टाइप केलेले अक्षर संगणकापर्यंत जाई आणि तेथून परत आल्यावर दिसे. त्यामुळे अक्षर पोहोचल्याची खात्री होई. पासवर्ड टाइप करताना हे परत येणे बंद ठेवले जाते. आजची आज्ञा तिला दिलेला मजकूर जसाच्या तसा पडद्यावर छापते. नेटवर्क तपासण्याचे ‘पिंग’ हे साधनही याच तत्त्वावर चालते. माइक म्यूस यांनी ते १९८३ मध्ये लिहिले आणि सोनारच्या, म्हणजे पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या, आवाजावरून त्याला नाव दिले. ते दुसऱ्या संगणकाकडे इको-विनंती पाठवते आणि उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले, ते सांगते.

‘इको-फ्रेंडली’मधील इको हाच आहे का?

नाही. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्यामुळे गोंधळ होतो. प्रतिध्वनीचा इको हा ध्वनी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे आणि ग्रीक पुराणकथेत इतरांचे शेवटचे शब्दच तेवढे उच्चारू शकणाऱ्या वनदेवतेचेही तेच नाव आहे. पर्यावरणाचा इको हा घर या अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही.

‘पडसाद’ आणि ‘प्रतिध्वनी’ हे शब्द कोठे वापरावेत?

‘पडसाद’ हा संस्कृत ‘प्रतिशब्द’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आलेला शब्द आहे. आज भौतिक घटनेसाठी ‘प्रतिध्वनी’ आणि समाजात उमटणाऱ्या प्रतिक्रियेसाठी ‘पडसाद’ अशी विभागणी बरीचशी रूढ झाली आहे. ‘निर्णयाचे पडसाद सभागृहात उमटले’ हे वाक्य योग्य आहे, कारण एका ठिकाणी घडलेल्या गोष्टीला दुसऱ्या ठिकाणाहून उत्तर मिळाले आहे. ‘पावसाचे पडसाद पिकांवर उमटले’ असे मात्र लिहू नये. तेथे ‘परिणाम’ हवा. वृत्तपत्रांत ही सरमिसळ वाढत चालली आहे आणि तिच्यामुळे एक नेमका शब्द बोथट होत आहे.

मराठीच्या व्याकरणातही प्रतिध्वनीसारखी एक रचना आहे. ‘पुस्तकबिस्तक’, ‘गाडीबिडी’, ‘दगडबिगड’ अशा शब्दांत पहिल्या शब्दाचा आरंभ बदलून तोच पुन्हा येतो आणि ‘तत्सम इतर काही’ असा अर्थ जोडतो. शालेय व्याकरणात यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतात.

लहान मूल ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर काळजी करावी का?

भाषा शिकताना मुले ऐकलेले शब्द परत उच्चारतात आणि साधारण तीन वर्षांच्या वयापर्यंत हे स्वाभाविक मानले जाते. त्यानंतरही मूल प्रश्नाला उत्तर न देता प्रश्नच परत म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा वाचा-भाषातज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. स्वमग्न मुलांमध्ये ही सवय बऱ्याचदा आढळते आणि तिला निरर्थक समजून दटावणे अन्यायाचे आहे. ‘पाणी हवे का?’ असे परत म्हणणारे मूल अनेकदा पाणीच मागत असते.

प्रतिध्वनीवरून भिंतीचे अंतर स्वतः मोजता येईल का?

येईल. मोकळ्या मैदानात एका मोठ्या, सपाट भिंतीसमोर उभे राहून टाळी वाजवावी आणि प्रतिध्वनी येताच त्यावरच पुढची टाळी पडेल अशी लय धरावी. लय जमल्यावर ११ टाळ्यांना, म्हणजे १० अंतरालांना लागलेला वेळ मोजावा. तो ६ सेकंद असेल, तर एका फेरीस ०.६ सेकंद लागले. ३४४ ने गुणून निम्मे केल्यास भिंत सुमारे १०३ मीटर दूर आहे, असे कळते. अंतर आधीच टेपने मोजलेले असेल, तर याच रीतीने ध्वनीचा वेग काढता येतो. भिंत ५० मीटरपेक्षा जवळ असल्यास टाळ्या फार जलद वाजवाव्या लागतात आणि लय चुकते. तापमान एका अंशाने वाढले की, ध्वनीचा वेग सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. त्यामुळे थंड पहाटे आणि भर दुपारी घेतलेल्या मोजण्यांसाठी वेग वेगवेगळा धरावा.